साक्षीदाराने काय पाहिले

४ एप्रिल

वेधशाळेकडून ओळखपत्र आलं. ‘स्वयंसेवक निरीक्षक, क्रमांक २१४.’ फोटोत मी फरार बाईसारखी दिसते, पण चालायचंच. तीस वर्षं एक्स-रे विभागात ‘श्वास रोखा’ म्हणत मी लोकांच्या बरगड्या टिपल्या, आता माझा फोटो कुणी धड काढावा ही अपेक्षाच जास्त झाली.

निवृत्तीनंतर कुणी विणकाम घेतं, कुणी बागकाम. मी वादळं घेतली. दोन वर्षांत एकवीस झाली. ओळखपत्राचा फायदा असा की इशारा लागल्यावर धरणाकडचा रस्ता बंद करतात, तिथून आता आमची गाडी सोडतील. तोटा असा की पहिलं वर्ष परीक्षेचं आहे. एक जरी अहवाल खोटा ठरला तर यादीतून नाव कट. वेधशाळेत एक जाडजूड नोंदग्रंथ आहे, त्यात दरवर्षी थोडेच फोटो घेतात. माझा एखादा लागला तर बरं, नाही लागला तरी काही बिघडत नाही.

हे आत्ता लिहिलेलं वाक्य खोटं आहे. मला ते फार हवं आहे.

‘आमची गाडी’ म्हणजे वन्संची. वन्सं माझी नणंद, खालच्या मजल्यावर राहतात, एकट्या. चोवीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलं त्यांनी, अर्धं शहर त्यांच्या ओरड्याने गाडी शिकलं. मी मात्र शिकले नाही. तीनदा शिकवायला घेतलं, तिसऱ्यांदा मी सोसायटीचं फाटक आडवं केलं, तेव्हा त्यांनी हात जोडले. वय आमचं सारखंच, पण लग्न होऊन तेहतीस वर्षं झाली तरी मी त्यांना अहो-जाहो करते आणि त्या मला अगं-तुगं. आता कोण बदलणार?

यांनी नव्या कॅमेऱ्याची तारीख-वेळ लावून दिली. त्या बारीक अक्षरांच्या याद्या वाचायला मला जमत नाही, यांना मात्र तेच आवडतं. वर टोमणा मारलाच, “ढग गच्चीतूनही दिसतात हं, फुकट.”

११ एप्रिल

बाविसावं! वादळ हुकलं असं वाटत होतं. गडगडाट पुढे निघून गेला, वन्संनी गाडी वळवायला घेतली आणि मी मागे वळून पाहिलं तर आभाळाच्या खालच्या बाजूला गोळेच गोळे लटकलेले, एकाला एक लागून, क्षितिजापर्यंत. त्यावर मावळतीचं ऊन पडलं आणि सगळं छत जर्द केशरी झालं. मी चाळीस फोटो काढले आणि मग कॅमेरा खाली ठेवून नुसती पाहत राहिले. इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

वन्सं नेहमीप्रमाणे गाडीतच. काचा वर, रेडिओ मोठ्याने, चष्मा काढून मांडीवर. परत येऊन विचारलं, “पाहिलंत ना?”

“पाहिलं की. छान होतं हो.”

“रंग काय होता!”

“हो ना,” म्हणाल्या, “राखाडी.”

राखाडी! यांची बहीणच ती. हे लग्नात माझ्या हिरव्या शालूला पिवळा म्हणाले होते. देवाने या घराण्याला डोळे दिले, पण वापरायचे कसे ते सांगायचं राहिलं. तरी बिचाऱ्या येतात. घरात एकट्या बसून काय करणार, म्हणून मी त्यांना नेते. तेवढाच त्यांना विरंगुळा.

आभाळाकडे बघत तिथे उभी असतानाच लेकीला फोन लावला होता, तर व्यस्त. ती दातांची डॉक्टर आहे, परगावी असते. माझ्याकडे काही सांगण्यासारखं असलं की हिचा फोन हटकून व्यस्त असतो.

१९ एप्रिल

आठ दिवस आभाळ धुतल्यासारखं निळं. हे खूश आहेत. मी कपाट आवरलं, पडदे धुतले आणि दर तासाला रडार पाहिलं. वन्सं खालून ओरडून विचारतात, “काही आहे का गं?” मी “नाही” म्हटलं की “अरेरे” म्हणतात. त्यांनाही वेड लागलंय म्हणायचं.

२ मे

 नीट लिहिते.

दुपारी दोनला रडारवर नैर्ऋत्येला लाल ठिपका. तीनला त्याचा तळहाताएवढा डाग झाला. वन्सं गादीवर लवंडल्या होत्या, मी हाक मारल्याबरोबर किल्ली घेऊन बाहेर. चहाही घेतला नाही. धरणाच्या रस्त्यावर पोलीस उभा होता, त्याला क्रमांक २१४ दाखवला. त्याने आधी फोटोकडे, मग माझ्याकडे, मग आमच्या दोघींच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि म्हणाला, “मावशी, सांभाळून.” आम्ही पंपघरापाशी थांबलो. गाडीचं तोंड परतीच्या दिशेला, इंजिन चालू, हा वन्संचा नियम, आणि त्यात त्या कधीही चुकत नाहीत.

मी पंधरा-वीस पावलं धरणाकडे जाऊन कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवलं. लेन्सची कडी हलू नये म्हणून तिला एक्स-रे विभागातली चिकटपट्टी लावते, ती लावली. समोर ढगाचा तळ सपाट आणि काळाभोर, त्याच्या मागे गारांचा हिरवट उजेड. वारा एकदम पडला. मग तळाचा एक कोपरा खाली ओघळल्यासारखा झाला. मला वाटलं भास झाला. पण तो वळत होता! हळूहळू लांब होत गेला आणि बघता बघता हत्तीची सोंड खाली यावी तशी सोंड धरणाच्या पाण्यावर लोंबू लागली.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. “आली! सोंड आली!” असं काहीतरी, पुन्हा पुन्हा, आणि बोट आपोआप बटण दाबत होतं. तीन-साडेतीन मिनिटं ती तशीच होती. पाण्याला टेकली नाही, वरच्या वर विरून गेली. कुणाचं काही नुकसान झालं नाही. मग गारा सुरू झाल्या आणि मी तिकाटणं काखेत मारून पळाले.

वन्संचा चेहरा पांढराफटक. स्टिअरिंगवर घामाचे ओले ठसे. नुसतं म्हणाल्या, “आलीस? बस,” आणि गाडी अशी काढली की त्यांच्या एखाद्या विद्यार्थ्याने काढली असती तर त्याला घरी पाठवलं असतं. गाडीचा एसी बिघडला असणार, दाखवायला हवा. आणि दुपारचं जेवणही नीट झालं नसेल त्यांचं. घरी येऊन त्यांना बळेच दोन घास खायला लावले.

३ मे

अहवाल पाठवला. जागा, दिशा, फोटो, फोटोवरची वेळ : चार वाजून बावन्न मिनिटं. यांनी फोटो मोठा करून पाहिला, आणखी मोठा केला. मग म्हणाले, “हे गच्चीतून नसतं दिसलं.” तेहतीस वर्षांत यांनी माघार घेतल्याची ही दुसरी वेळ. पहिली फाटकाच्या वेळची, मी गाडी शिकलीच पाहिजे हा हट्ट सोडला ती.

७ मे

वेधशाळेतून फोन. तिथल्या साहेबांना मी ‘पारा’ म्हणते, कारण तो कधी चढत नाही. गारपीट असो की अभिनंदन, आवाज एकच.

“बाई, तुमच्या फोटोवर चार बावन्न आहे. चार बावन्नला तो ढग धरणावर नव्हता. नदीपलीकडे नऊ किलोमीटर गेला होता.”

“तुमचं रडार चुकलं असेल.”

“दोन रडार आहेत. दोन्ही एकच सांगतात.”

“मग माझे डोळे चुकले?”

“तसं मी म्हणत नाही. पण फोटो दुसऱ्या जागेचा असेल, किंवा दुसऱ्या दिवसाचा, किंवा...” इथे तो थांबला, आणि त्या थांबण्यात सगळं आलं.

किंवा दुसऱ्या कुणाचा. मला असा संताप आला! तीस वर्षांत एका पेशंटची फिल्म दुसऱ्याच्या पाकिटात गेली नाही माझ्या हातून! पाराने शेवटी सांगितलं, बरोबर कुणी असेल तर साक्षीदाराचा फॉर्म भरून द्या, सोळा तारखेच्या आत. तो पाहून ठरवू. नाहीतर अहवाल रद्द होईल आणि नियमाप्रमाणे नावही.

फोन ठेवला आणि जीव भांड्यात पडला. साक्षीदार? वन्सं होत्या की! पंधरा पावलांवर, बाजूला काच, काचेपलीकडे सोंड. एका सहीचं काम.

८ मे

वन्संनी सही केली नाही.

फॉर्म घेऊन खाली गेले. एकच मोठा प्रश्न आहे त्यात, ‘साक्षीदाराने काय पाहिले?’ आणि खाली सहा रेघा. वन्संनी वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग कागद माझ्याकडे सरकवला.

“मला नाही जमायचं.”

“अहो, दोन ओळी लिहायच्या. सोंड पाहिली, एवढंच.”

“नको गं वहिनी. मला खोटं लिहिता येत नाही.”

 खोटं? म्हणजे वन्संनाही वाटतं की मी खोटं सांगतेय? पारा परका आहे, त्याने संशय घेतला तर एक वेळ समजू शकते. पण या? काय वाट्टेल ते बोलले मी. म्हटलं, तुम्हाला माझं कौतुक कधी नव्हतंच. म्हटलं, दोन वर्षं मी तुम्हाला विरंगुळा म्हणून बरोबर नेते, त्याचं हे फळ. त्या ओटा पुसत राहिल्या, पुसलेलाच.

९ मे

बोलणं बंद. यांची वर-खाली फेऱ्या मारून दमछाक. “ती विचारते, दूध घ्यायचं का तुझ्यासाठी.” “सांगा, मी घेईन माझं.” “ती म्हणते, बरं.” तिसऱ्या फेरीला हे पायरीवरच बसले. “मी काय टपाल आहे? पोस्टमन तरी सुटी घेतो.”

पश्चिमेला ढग होते. पाहिले नाहीत.

११ मे

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवायचं आहे.

सकाळी दहाला वन्सं वर आल्या. दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हटलं तरी येईनात. हातात फोन.

“वहिनी, मी ती सोंड पाहिलीच नाही.”

“पाठ होती का तुमची?”

“डोळे मिटले होते.”

मला कळेना. म्हटलं, “नेमके तेव्हाच?”

“नेहमीच,” त्या म्हणाल्या. “तू गाडीतून उतरलीस की मी मिटते. तू परत येऊन दार लावलंस की उघडते. मला विजेची भीती वाटते गं. लहानपणापासून. गडगडलं की माझे हातपाय गळतात.”

“पण येताना-जाताना गाडी चालवता त्याचं काय?”

“चालवताना रस्ता असतो समोर. उभं राहिलं की भीती वाटते.”

“कशामुळे बसली ही भीती?”

“कशामुळे काही नाही. भीतीला कारण लागतं का?”

तेवीस वादळं. तेवीस वेळा ही बाई माझ्याबरोबर आली आणि त्यातलं एकही तिने पाहिलं नाही. चष्मा मांडीवर, रेडिओ मोठा, आभाळ राखाडी, सगळं माझ्यासमोर होतं. तीस वर्षं लोकांच्या आतलं पाहिलं म्हणून मिरवणारी मी, आणि मी एसी दुरुस्त करायला निघाले होते.

“मग येता कशाला?” मी जवळजवळ ओरडलेच.

“तुला गाडी येत नाही ना,” वन्सं म्हणाल्या.

 हात धरून त्यांना आत आणलं, बसवलं. मग त्यांनी फोन पुढे केला. म्हणाल्या, पाहिलं नाही हे खरं, पण ऐकलं आहे. डोळे मिटून एकटीला बसवत नाही, म्हणून त्या दर वेळी माझ्या लेकीला फोन लावतात, आणि मी परत येईपर्यंत ती आत्याशी काहीबाही बोलत राहते. दोन मेलाही लावला होता; घाम फुटला म्हणून काच खाली होती आणि रेडिओ बंद. फोनवर नोंद आहे : चार अडतीसला सुरू, नऊ मिनिटं.

लेकीला तिथूनच फोन लावला. “आई, तू ‘सोंड आली’ म्हणून किंचाळलीस ते मला स्पष्ट ऐकू आलं,” ती म्हणाली. “माझ्या खुर्चीत पेशंट होता. तोंड उघडं ठेवून तोही घाबरला.” वादळाचा अंदाज असला की ती दुपारचे पेशंट कमी घेते म्हणे, आत्याचा फोन येणार म्हणून. दोन वर्षं! आणि मला कुणी सांगितलं नाही.

“सांगितलं असतं तर तू जायची थांबली असतीस,” वन्सं म्हणाल्या. खरंच थांबले असते.

मग माझं डोकं चालायला लागलं. फोन चार सत्तेचाळीसला संपला. मी ओरडले तेव्हा तो चालू होता. मग फोटोवर चार बावन्न कसे? आम्ही तिघींनी एकाच वेळी एकच विचार केला असावा, कारण फोनमधून लेक म्हणाली, “आई, कॅमेऱ्याची वेळ बाबांनी कशावरून लावली?”

भिंतीवरच्या घड्याळावरून! दुसरं कशावरून लावणार? आमचं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. यांची सकाळची पाळी चुकू नये म्हणून कधी काळी पुढे केलेलं, ते पाळ्या संपल्या तरी तसंच. घरातला जो तो मनातल्या मनात दहा वजा करतो. इतकी वर्षं झाली की वजा करतो हेही कुणाच्या लक्षात येत नाही. पण कॅमेऱ्याला कुठे माहीत?

हे अंघोळ करून आले तर आम्ही दोघी त्यांच्याकडे बघतोय. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “दहा नाही. अकरा. मागच्या वर्षी एक मिनिट वाढवलं होतं मी, सेफ असावं म्हणून.”

वेधशाळा एका सेफ असलेल्या माणसाने हादरवली. मी हसता हसता रडले की उलट, ते आता सांगता येत नाही. वन्संची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “विरंगुळा म्हणालीस ते मात्र लागलं हं.” मी कान धरले, खरोखरच धरले.

१३ मे

आज दोघी वेधशाळेत. पाराने फोनची नोंद पाहिली, कॅमेरा पाहिला, स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहिला, आणि अकरा मिनिटं वजा करून रडार लावलं. चार एक्केचाळीस. ढग अगदी धरणावर! मी टेबलावर हात आपटला. पारा चढला नाही.

“आता पटतं,” म्हणाला. “पण वेळ तुम्ही स्वतः दुरुस्त करताय, त्यामुळे साक्षीदाराचा फॉर्म लागेलच.”

“यांनी पाहिलेलं नाही,” मी म्हटलं. मला आता कसलीच घाई नव्हती. “डोळे मिटले होते. मला यांच्याकडून खोटं लिहून घ्यायचं नाही. नाव गेलं तर गेलं.”

हे म्हणताना नोंदग्रंथ डोळ्यांसमोर आला, कबूल करते. पण म्हटलं.

पाराने फॉर्म वन्संसमोर ठेवला. “खोटं नकोच आहे,” म्हणाला. “जे आहे ते लिहा.”

वन्संनी खुर्ची ओढली आणि पेन घेतलं. सहा रेघा पुरल्या नाहीत, मागच्या बाजूला गेल्या. त्यांनी लिहिलेलं मी इथे उतरवून ठेवते, पाराकडून प्रत मागून घेतली आहे.

‘साक्षीदाराने काय पाहिले? काही नाही. मी गाडीत डोळे मिटून बसले होते, कारण मला विजेची भीती वाटते. माझी वहिनी पंधरा-वीस पावलांवर उभी होती. ती “सोंड आली” असे मोठ्याने ओरडली, ते मी ऐकले, आणि फोनवर माझ्या भाचीनेही ऐकले. वहिनीला मी तेहतीस वर्षे ओळखते. ती हट्टी आहे, ऐकून घेत नाही, आणि रागावली की वाटेल ते बोलते. पण नसलेली गोष्ट आहे म्हणून ती कधी ओरडली नाही. ती बाहेर असेपर्यंत मी काहीच पाहत नाही. ती परत आली की पहिली तिलाच पाहते. तेवीस वेळा ती परत आली, एवढे मात्र मी डोळ्यांनी पाहिले आहे.’

खाली सही.

पाराने वाचलं. परत वाचलं. मग चष्मा काढून खिडकीबाहेर बघत बसला, जिथे काहीही नव्हतं, स्वच्छ ऊन होतं. शिक्का शोधायला त्याला फार वेळ लागला. “नोंदग्रंथात घेतो,” म्हणाला, आणि आवाज जरा वेगळा होता.

बाहेर आलो. मी गाडीत बसले आणि सांगून टाकलं, “वन्सं, यापुढे मी उतरणार नाही. आत तुमच्याशेजारी बसून काचेतूनच काढीन.”

“काचेतून फोटो खराब येतात, तूच म्हणतेस.”

“येऊ देत खराब.”

“वा गं वा,” वन्सं म्हणाल्या. “खराब फोटोंसाठी मी एवढी घाबरायची? काही नको. तू बाहेरच उभी राहा. फक्त लांब जाऊ नकोस, गाडीला चिकटून राहा. आणि अधूनमधून बोनेटवर एक थाप मारत जा. म्हणजे तू आहेस हे मला कळेल.”

२२ मे

चोविसावं. संध्याकाळी सव्वापाच, खरे सव्वापाच. ढगाची लांबच लांब कड माळावरून सरकत आली, खाली धुळीचा पट्टा, आणि आत विजा. तिकाटणं अगदी गाडीला टेकवून लावलं. फोटो सुरेख आले आहेत.

लेकीचा फोन चालू होता आतमध्ये. दर मिनिटाला बोनेटवर थाप मारली. एकदा मात्र वीज अशी काही झाली की मी पाहतच राहिले आणि विसरले. आतून हॉर्न वाजला, लांबलचक, विद्यार्थ्याला झापावं तसा. मी दोन थापा मारल्या. तेव्हा तो थांबला.